वारा खरा, फॉर्म अर्धा: बेसबॉलच्या रोजच्या आकड्यांत नक्की किती दम आहे

१७ मे १९७९ ला शिकागोच्या रिगली फील्डवर फिलाडेल्फिया फिलीज आणि शिकागो कब्जची मॅच झाली आणि स्कोअर लागला २३-२२. बेसबॉलमध्ये दोन्ही टीमचे मिळून आठ-नऊ रन झाले तरी ती अगदी नेहमीसारखी मॅच समजतात, त्यावरून काय झालं असेल ते बघा. पहिली इनिंग संपली तेव्हाच ७-६ झाले होते, एकूण ११ होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) लागले, आणि निकाल लागला तो दहाव्या इनिंगमध्ये माइक श्मिटच्या होमरनने. पिचर एकदम खराब झाले होते का? त्या दिवशी वारा बॅटरच्या पाठीमागून मैदानाबाहेरच्या दिशेने जोरात वाहत होता, जो बॉल एरवी फील्डरच्या हातात पडला असता तो स्टँडमध्ये जाऊन पडत होता.

अमेरिकेत आता रोज सकाळी लाखो लोक हेच बघतात, आज कुठे वारा कसा आहे, कोण फॉर्मात आहे, कोणाचं बुलपेन (म्हणजे राखीव पिचर) दमलंय, कारण २०१८ च्या मे महिन्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्पोर्ट्स बेटिंगवरचा केंद्रीय कायदा रद्द केला आणि मग एकेका राज्याने सट्टा कायदेशीर केला. न्यू जर्सी नाहीतर शिकागोत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या फोनवरही ही अ‍ॅप्स असतात आणि ऑफिसात दुपारी गप्पाही त्याच्याच. मला यातल्या पैशांपेक्षा सायन्स जास्त इंटरेस्टिंग वाटतं, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की वारा, फॉर्म आणि बुलपेन या तीन गोष्टी लोक एकाच तराजूत टाकतात ते चूक आहे, तिन्हींचा भरवसा वेगवेगळा आहे.

ज्यांनी हा गेम कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, नऊ इनिंग असतात, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम आळीपाळीने बॅटिंग करतात, तीन आउट झाले की पाळी संपली. बॅटरने मैदानातल्या बेसांवरून फेरा पुरा करून जिथून बॅटिंग केली तिथे, म्हणजे ‘घरी’, परत पोचलं की एक रन. पिचर म्हणजे बॉलरच, पण त्याला ओव्हरची मर्यादा नाही, आणि एकदा बदलला की तो त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, बुलपेनचा सगळा खेळ त्याच्यावर आहे.

आधी हवामान. हे सगळ्यात पक्कं, कारण हे सरळ फिजिक्स आहे. बॉल साधारण १४५ ग्रॅमचा, बॅटवरून ताशी १०० मैलांच्या आसपास सुटतो, आणि पुढचे चार-पाच सेकंद हवा त्याला मागे ओढत असते. हवा जितकी विरळ तितकी ओढ कमी. गरम हवा विरळ असते, म्हणून तापमान १० अंश फॅरेनहाइटने वाढलं की लांब मारलेला बॉल साधारण तीन-साडेतीन फूट जास्त जातो, हा हिशोब इलिनॉय युनिव्हर्सिटीचे फिजिक्सचे प्रोफेसर अ‍ॅलन नेथन यांनी मांडलेला आहे. म्हणजे एप्रिलमधली ४५ अंशांची थंड संध्याकाळ आणि जुलैमधली ९० अंशांची दुपार यात पंधराएक फुटांचा फरक पडतो, आणि भिंतीजवळ झेलला गेलेला बॉल आणि होमरन यात बऱ्याचदा तेवढंच अंतर असतं. २०२३ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी तर दाखवलं की २०१० पासूनच्या पाचशेहून जास्त होमरनमागे जागतिक तापमानवाढ आहे.

वाऱ्याचा परिणाम याहून मोठा. ताशी ५ मैलांचा, म्हणजे झाडाची पानं हलतील एवढाच वारा पाठीमागून असेल तरी लांबचा बॉल १५-२० फूट पुढे जातो. रिगली फील्डच्या पूर्वेला जवळच लेक मिशिगन आहे, तिथून थंड वारा आला की तो बॅटरच्या तोंडावर येतो आणि रन आटतात, नैऋत्येकडून गरम वारा आला की बॉल उडायला लागतात. एकाच मैदानाचे दोन दिवस दोन वेगळ्या मैदानांसारखे असतात, त्यामुळे बरेच बुकमेकर रिगलीच्या मॅचमध्ये एकूण किती रन होतील याचा आकडा मॅचच्या दिवशी सकाळी वारा कळल्याशिवाय लावतच नाहीत.

दमट हवेबद्दल मात्र जवळजवळ सगळ्यांचा गैरसमज असतो. मुंबईत जूनमध्ये हवा जड वाटते म्हणून आपण धरून चालतो की बॉलही तिच्यात अडकत असणार, पण प्रत्यक्षात पाण्याची वाफ ही नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी, म्हणून दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते आणि बॉल किंचित पुढे जातो. पण बॉल स्वतःच दमट जागी ठेवलेला असेल तर गोष्ट उलटते, तो थोडा जड होतो, उसळी कमी होते, बॅटवरून कमी वेगाने सुटतो. डेन्व्हरच्या कूअर्स फील्डवर हेच वापरलं. ते मैदान समुद्रसपाटीपासून जवळपास एक मैल उंच, तिथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या साधारण ८२ टक्के घन, त्यात बॉल लांब जातो ते जातोच, वर पिचरचा कर्व्हबॉलही नीट वळत नाही कारण वळायलाही हवाच लागते. म्हणून २००२ पासून तिथे बॉल ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ठरावीक ओलावा राखणाऱ्या बंद खोलीत ठेवायला लागले आणि होमरन कमी झाले. २०२२ पासून तर तिसाच्या तीस टीमच्या मैदानांवर ह्युमिडॉर सक्तीचा आहे, त्यामुळे त्याच्या आधीचे मैदानांचे आकडे आजच्या अंदाजाला जसेच्या तसे लावू नयेत.

आता एवढं सगळं पक्कं असूनही हवामानाने जिंकणार कोण हे फारसं कळत नाही, आणि रोजचा रिसर्च करणारे इथेच घसरतात. वानखेडेवर रात्री दव पडलं की दुसरी बॅटिंग करणाऱ्याचा फायदा होतो, कारण एक टीम कोरड्या बॉलने बॉलिंग करते आणि दुसरी ओल्या. बेसबॉलमध्ये दोघं आळीपाळीने बॅटिंग करतात, वारा दोघांना सारखाच. त्यामुळे हवामान एकूण रन किती होतील हे सांगतं, विजेता कोण हे जवळजवळ नाही. आणि छप्पर बंद असेल, ह्यूस्टन, मिलवॉकी, फीनिक्ससारखं, तर हवामानाचा रकाना कोराच सोडायचा.

फॉर्मवर मी कमी बोलणार आहे कारण त्यात कमी दम आहे. गेल्या दहा मॅचमध्ये अमुक बॅटर चारशेच्या सरासरीने खेळतोय (म्हणजे दर दहा प्रयत्नांत चार हिट, हिट म्हणजे त्याला बेसवर पोचवणारा फटका), हे ऐकायला भारी वाटतं, पण दहा मॅच म्हणजे चाळीसएक वेळा बॅटिंग, आणि त्यात तीन-चार बॉल फील्डरच्या हातात जायच्या ऐवजी दोन फील्डरच्या मधून गेले की झाला फॉर्म. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन यांनी आकडे मांडून दाखवलं की होमरन सोडून जो बॉल मैदानात खेळला जातो त्याचं पुढे काय होणार यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. असे साधारण ३० टक्के बॉल हिट होतात, आणि एखाद्या पिचरचा हा आकडा महिनाभर २२ टक्के असला तर तो बहुतेक वेळा नशिबाचा भाग असतो, पुढे तो तिसाकडे सरकतोच. म्हणून पिचरची अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज (दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर चढलेले रन) बघण्यापेक्षा त्याने किती जणांना स्ट्राइकआउट केलं (तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं), किती वॉक दिले (चार खराब बॉल टाकून बॅटरला फुकट पहिला बेस दिला) ते बघावं, हे आकडे लवकर स्थिर होतात, बॅटरच्या बाबतीत स्ट्राइकआउटचं प्रमाण साठेक वेळा बॅटिंग झाली की बऱ्यापैकी खरं बोलायला लागतं. आणि फॉर्ममधला खरा बदल ओळखायचा असेल तर पिचरचा स्पीड बघा, गेल्या महिन्यापेक्षा दोन मैलांनी कमी झाला असेल तर काहीतरी दुखतंय. हे सगळं मोजलेलं असतं, २०२० पासून तिथेही हॉक-आयचेच कॅमेरे आहेत, तेच जे आपण क्रिकेटच्या डीआरएसमध्ये बघतो, आणि बराचसा डेटा फुकट उघडा आहे.

बुलपेन हा मला सगळ्यात आवडणारा भाग. सुरुवात करणारा पिचर आजकाल सरासरी पाच-सव्वापाच इनिंग टाकतो, उरलेल्या जवळपास चार इनिंग राखीव पिचर टाकतात, त्यांना रिलीव्हर म्हणतात आणि ते जिथे वॉर्म-अप करतात ती जागा म्हणजे बुलपेन. टीममध्ये २६ खेळाडू, त्यात जास्तीत जास्त १३ पिचर, पाच स्टार्टर धरले तर रिलीव्हर उरले आठ, आणि सीझन १६२ मॅचचा, जवळजवळ रोज मॅच. त्या आठातले खरे भरवशाचे दोन-तीन. काल त्यातल्या एकाने ३० बॉल टाकले असतील, परवाही टाकले असतील, तर आज तो बहुतेक बसणार, आणि आठव्या इनिंगमध्ये एका रनाची आघाडी सांभाळायला पाचव्या-सहाव्या नंबरचा माणूस येणार. म्हणून टीमच्या बुलपेनचं सीझनभराचं अ‍ॅव्हरेज फसवं असतं, त्यात हरलेल्या मॅचमध्ये टाकलेल्या ओव्हरसारख्या फुकट इनिंगही मिसळलेल्या असतात, शिवाय रिलीव्हर येतो तेव्हा बेसवर आधीच उभे असलेले रनर त्याच्यामुळे घरी पोचले तरी तो रन आधीच्या पिचरच्या नावावर चढतो. बघायचं ते गेल्या तीन दिवसांत कोणी किती बॉल टाकले आणि आज कोण उरलंय एवढंच.

दमलेला रिलीव्हर काय करतो याचं सगळ्यात दुखरं उदाहरण २०२० च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे लीगच्या फायनलची, सहावी मॅच. टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल डॉजर्सविरुद्ध अफाट टाकत होता, ७३ बॉल, ९ स्ट्राइकआउट, फक्त दोन हिट, टीम १-० पुढे. सहाव्या इनिंगमध्ये मॅनेजर केविन कॅशने त्याला काढलं, कारण आकडे सांगतात की बॅटर एकाच पिचरला तिसऱ्यांदा बघतात तेव्हा जास्त चांगलं मारतात, हे खरंच आहे. पण आणला निक अँडरसनला, जो त्या पोस्टसीझनमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) भरपूर वापरला गेला होता आणि मागच्या मॅचेसमध्ये सलग रन देत आला होता. मुकी बेट्सने त्याला डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, त्याच इनिंगमध्ये आघाडी गेली, डॉजर्स ३-१ ने जिंकून चॅम्पियन झाले. स्नेलबद्दलचा नियम बरोबर होता, पण तो नियम वापरताना त्याच्या जागी कोण येतोय आणि तो किती दमलाय हे वजन कमी पडलं असं माझं ठाम मत आहे.

मग हे सगळं जमलं तर पैसे मिळतात का? इथे गणित बघाच. दोन्ही बाजू सारख्या असतील तर बुकमेकर साधारण १०० जिंकायला ११० लावायला सांगतो, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला तुम्ही ५२.४ टक्के वेळा बरोबर असावं लागतं. समजा तुम्ही खरंच हुशार आहात आणि ५४ टक्के बरोबर येता. हा दीड टक्क्याचा फरक नशिबाचा नाही हे बऱ्यापैकी खात्रीने सिद्ध व्हायला जवळपास ३९०० मॅच लागतात, आणि पूर्ण लीगच्या एका सीझनमध्ये मॅच असतात २४३०. म्हणजे रोज प्रत्येक मॅचवर पैसे लावले तरी सीझनअखेर तुम्हाला कळणारच नाही की आपल्याला खरंच काही येतं की नुसतं नशीब होतं. आणि वारा, बुलपेन वगैरे जे तुम्हाला दिसतं ते बुकमेकरच्या माणसांना आधी दिसलेलं असतं, ते भावात मिसळूनच तुमच्यापर्यंत येतं. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे, पैसे लावू नका. भारतात तर २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेमिंगवर बंदीच आहे.

रिसर्च मात्र जरूर करा, त्याला पैसे लागत नाहीत. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने पावसापाण्याचे अंदाज तपासायला एक साधी रीत काढली, ती इथे चपखल बसते. मॅचच्या आधी लिहायचं, होम टीम जिंकायची शक्यता ६० टक्के. जिंकली तर चूक ०.४, तिचा वर्ग ०.१६. हरली तर चूक ०.६, वर्ग ०.३६. सगळ्या मॅचची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं चांगलं. काही न बघता रोज ५० टक्के लिहिणाऱ्याचा स्कोअर येतो ०.२५. आणि जर प्रत्येक मॅच खरोखरच ६०-४० ची असेल आणि तुम्हाला ते दरवेळी अचूक कळत असेल, तरी तुमचा स्कोअर येतो ०.२४. सगळं ज्ञान मिळून फरक एवढाच, कारण हा गेमच तसा आहे, २००१ मध्ये ११६ मॅच जिंकणारी सिएटल मरिनर्स ४६ हरली होती आणि २०२४ मध्ये १९०० नंतरच्या काळातल्या विक्रमी १२१ मॅच हरणारी शिकागो व्हाइट सॉक्ससुद्धा ४१ जिंकली होती.

वहीत तीन रकाने ठेवा. पहिल्यात फक्त दोन्ही टीमच्या सीझनच्या आकड्यांवरून अंदाज, दुसऱ्यात फॉर्म मिळवून, तिसऱ्यात फॉर्म सोडून बुलपेनचे गेल्या तीन दिवसांचे बॉल मिळवून. हवामानासाठी वेगळं पान, तिथे विजेता नाही, एकूण रनांचा अंदाज लिहायचा. ऑड्स, म्हणजे बुकमेकरचे भाव, बघायच्या आधी लिहायचं, नंतर खोडायचं नाही, आणि सप्टेंबरअखेर प्रत्येक रकान्याचा स्कोअर वेगळा काढायचा.