फुलांची दरी राष्ट्रीय उद्यान

उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यातील पर्वतीय राष्ट्रीय उद्यान. ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ या नावाने अधिक परिचित. क्षेत्रफळ सु. ८७.५ चौ. किमी. झास्कर रांग व बृहद् हिमालय यांच्या संक्रमण-पट्ट्यात वसलेल्या या दरीतून टिप्रा हिमनदीत उगम पावणारी पुष्पावती नदी वाहते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २००५ मध्ये नंदादेवी जागतिक वारसा स्थळात समावेश झाला.

दरीच्या शोधाचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ याला दिले जाते. १९३१ मध्ये कामेट शिखर (७,७५६ मी.) सर करून परतताना तो व आर. एल. होल्ड्‌सवर्थ भ्यूंडार खिंडीतून येथे उतरले. १९३७ मध्ये स्माइथ पुन्हा आला आणि १९३८ मध्ये त्याचे या दरीवरील पुस्तक निघाले. काही नोंदींनुसार मात्र एडमंड स्मिथ हा लष्करी अधिकारी १८६२ च्या सुमारास येथे येऊन गेला होता. भ्यूंडार गावचे मेंढपाळ तर त्याआधीपासून उन्हाळी चराईसाठी येत. तेव्हा स्माइथने दरी शोधली असे न म्हणता तिची ख्याती जगभर पोहोचवली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. फुलांचे नमुने गोळा करताना १९३९ मध्ये कड्यावरून पडून मरण पावलेल्या वनस्पतिअभ्यासक जोन मार्गारेट लेग यांची समाधी दरीतच आहे.

उद्यान झाल्यावर चराई थांबली. त्यामुळे अमेला ही पुरुषभर वाढणारी वनस्पती माजली व नाजूक फुलझाडे दबली, असे एक मत आहे. परंतु अमेला मुख्यतः मेंढ्यांच्या जुन्या तळांवर व दरडी कोसळलेल्या जागी फोफावलेला दिसतो. दोष केवळ चराईबंदीला देणे पटत नाही. उद्यानातर्फे तो उपटला जातो.

गोविंदघाटहून पुलनामार्गे घांगरियाला जाऊन तेथून दरीत पायी जावे लागते. दरीत मुक्कामास मनाई आहे. जूनच्या आरंभी बर्फ वितळते; जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहर असतो आणि त्यात तेरड्याच्या हिमालयीन जातींचा गुलाबी रंग उठून दिसतो. निळी खसखसही आढळते. ब्रह्मकमळासाठी मात्र घांगरियाहून हेमकुंड या शीख तीर्थस्थानाची चढण चढणे इष्ट. त्याची फिकट, कागदासारखी पातळ सहपत्रे (फुलांलगतची पाने) आतील जांभळ्या पुष्पगुच्छांना वेढून असतात. महाराष्ट्रात कुंडीत लावले जाणारे, रात्री फुलणारे ‘ब्रह्मकमळ’ हे मूळचे अमेरिका खंडातील निवडुंग असून त्याचा याच्याशी संबंध नाही. कस्तुरीमृग, भरल (हिमालयातील रानमेंढी) व हिमबिबट्या यांचाही येथे वावर आहे.