जात न मानणं आणि जातीविषयी न बोलणं

‘आम्ही जात मानत नाही, म्हणून मुलांसमोर तो विषयच काढत नाही,’ असं अनेक आईबाबा सांगतात. वाक्याचा पहिला भाग खरा असेलही, पण त्यातलं ‘म्हणून’ मला पटत नाही.

जात न मानणं वागण्यातून कळतं. घरकामाला येणाऱ्या मावशी सगळ्यांच्याच कपातून चहा पितात. मुलाच्या नव्या मित्राला आडनाव खोदून विचारलं जात नाही. न बोलणाऱ्या घरात मात्र वेगळा कप असू शकतो, फक्त त्याचं कारण कुणी सांगत नाही. कानतुटका कप कुणाचा, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मोठी माणसं गप्प राहिली की ते आपल्या परीनं कारण शोधतं: मावशी अस्वच्छ असतील. पूर्वग्रह असाही रुजतो, एक शब्द न उच्चारता.

शिवाय गप्प राहायची सोय प्रत्येक घराला नसते. जातीनुसार मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात वाचली गेली की ज्यांची नावं येतात, त्या मुलांना त्याच दिवशी घरी प्रश्न पडतात.

मग बोलायचं कसं? मला डॉ. आंबेडकरांच्या लहानपणापासून सुरुवात करावीशी वाटते. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. नळाला स्वतः हात लावता येत नसे; शिपाई असेल आणि त्यानं नळ सोडला तरच पाणी मिळे. 1901 मध्ये वडिलांना भेटायला निघालेले लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि सोबतची मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच बैलगाडीवाले नेईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार या अटीवर. वाटेत जेवण सोबत होतं, पाणी मिळेना. ही तहान सात-आठ वर्षांच्या मुलाला लगेच समजते. पाण्याच्या हक्कासाठी 20 मार्च 1927 ला झालेला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, अस्पृश्यता रद्द करणारं संविधानातलं कलम 17 हे सगळं त्यानंतर सांगता येतं.

मात्र ‘पूर्वी असं होतं’ म्हणून तिथंच थांबलात, तर तेही गप्प राहणंच झालं.

मुलानं ‘आपली जात कोणती?’ विचारलं तर सरळ सांगावी. आपल्या पणजीला पाणवठ्यावर कुणी अडवलं होतं का, की आपल्याच विहिरीवर दुसऱ्यांना मज्जाव होता, हेही सांगावं. माहीत नसेल तर मुलाला सोबत घेऊन आजीला विचारावं.