मूकनायक आणि कोल्हापूर

‘मूकनायक’ हे भीमराव रामजी आंबेडकर यांनी काढलेले पहिले वृत्तपत्र. हे मराठी पाक्षिक मुंबईत निघे, पण त्याची मुळे करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात होती. कोल्हापूरचे कार्यकर्ते दत्तोबा पोवार यांनी राजर्षी शाहू छत्रपती आणि आंबेडकर यांची भेट घडवून आणली. शाहू महाराज स्वतः आंबेडकरांच्या परळच्या चाळीत गेले. पत्र काढण्यासाठी त्यांनी अडीच हजार रुपये दिले, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी पहिला अंक बाहेर पडला. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. अग्रलेख मात्र आंबेडकरांचेच.

अंकाच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग असे : ‘काय करूं आतां धरूनिया भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥’ भीड मोडण्याची ही भाषा वारकरी घरांत रोज म्हटली जाणारी, म्हणूनच ती इतकी नेमकी लागली. पहिल्याच अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. मराठी पत्रकारितेत जातीचे इतके स्वच्छ चित्र क्वचितच उभे राहिले असेल.

दोनच महिन्यांत, २१ व २२ मार्च १९२० रोजी, कागल जहागिरीतील माणगाव येथे (आता हातकणंगले तालुका) अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष आंबेडकर होते. पुढाकार गावच्या आप्पासाहेब पाटलांचा, आणि ते जैन होते, हे आवर्जून सांगायला हवे. तुम्हांला तुमचा पुढारी सापडला आहे, असे शाहू महाराजांनी तिथे जमलेल्यांना सांगितले.

हे बोल हवेतले नव्हते. पाण्याला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल घालून दिले होते. तिथे गाडी थांबवून ते सर्वांसमक्ष गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि सोबतच्यांनाही पाजत.

१९२० मध्येच आंबेडकर शिक्षणासाठी लंडनला गेले. पुढे ज्ञानदेव घोलप यांनी संपादन केले, पण १९२३ मध्ये पत्र बंद पडले. त्याआधीच, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजांचे निधन झाले होते. आंबेडकरांची लेखणी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ या पत्रातून पुन्हा सुरू झाली.

बिंदू चौकातला आंबेडकरांचा पुतळा कोल्हापूरकरांनी ९ डिसेंबर १९५० रोजी, त्यांच्या हयातीतच, जोतीराव फुल्यांच्या पुतळ्यासोबत उभारला.