फुकेतची दुसरी बाजू: आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

फुकेतचं बुकिंग करताना हल्ली बरेच जण विचारतात, "तिथली माणसं स्वतः जिथे जेवतात, फिरतात, तिथे आम्हाला जाता येईल का?" नक्की येईल. त्यासाठी वेगळं पॅकेज लागत नाही. हॉटेलच्या गल्लीतून बाहेर पडून बेटाची बाजू बदलायची आणि शक्यतो लवकर उठायचं, एवढंच करावं लागतं. आमच्या प्रत्येक सहलीत एक पूर्ण मोकळा दिवस आम्ही मुद्दाम ठेवतो. तो कसा घालवता येईल, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

आधी नकाशा समजून घ्या. फुकेत हे थायलंडचं सर्वांत मोठं बेट. पाटोंग, करोन, काटा, कमाला हे नावाजलेले किनारे सगळे पश्चिमेला आहेत आणि तुमचं हॉटेलही तिथेच असेल. शहर मात्र पूर्वेला आहे, कारण हे बेट पर्यटनाच्या आधी कथलावर जगत होतं. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, तेच हे कथील. त्याच्या खाणींसाठी दक्षिण चीनमधून होक्किएन ही चिनी बोली बोलणारे हजारो मजूर आणि व्यापारी आले. डोंगरांच्या आडोशाला असलेली पूर्वेची बाजू बंदराला सोयीची होती, म्हणून शहर तिथे वसलं. या बाजूला ओहोटीच्या वेळी बऱ्याच ठिकाणी चिखल उघडा पडतो. त्यामुळे रिसॉर्टवाल्यांनी पश्चिम किनारा धरला आणि बेटाचा रोजचा संसार पूर्वेलाच राहिला.

जुनं शहर: सकाळी जा

बहुतेक सहलींमध्ये जुनं शहर म्हणजे रविवारच्या संध्याकाळी थलांग रस्त्यावर भरणारा बाजार. तो छानच असतो, पण गर्दीत डोकं वर करून घरं बघणं होत नाही. आमचा आग्रह सकाळचा आहे. रानोंग रस्त्यावरची मंडई पहाटेच सुरू होते. अननसाचे ढीग, उग्र वासाच्या सातोच्या शेंगा, काडीला टोचून धुरावर सुकवलेली कोळंबी, नारळाचं ताजं दूध, हे सगळं तिथे रोजच्या गिऱ्हाइकांसाठी मांडलेलं असतं. साडेआठ-नऊपर्यंत पोहोचलात तरी चालेल. त्यानंतर बाजार ओसरायला लागतो.

तिथून चालत थलांग, डिबुक आणि क्राबी या रस्त्यांवर या. खाली दुकान, वर बिऱ्हाड, पुढे कमानींचा सलग ओटा आणि आत प्रकाशासाठी ठेवलेला चौक, अशी इथली लांबट घरं आहेत. चिनी मालक आणि मलेशियातल्या मलाक्का, पेनांगकडून आलेली युरोपीय वळणाची बांधणी, अशी ही सरमिसळ. क्राबी रस्त्यावरचं थाई हुआ संग्रहालय 1934 मध्ये बांधलेल्या चिनी शाळेच्या इमारतीत आहे. बेटावर एकच संग्रहालय बघायला वेळ असेल तर हे बघा. स्थलांतरित कुटुंबांचे फोटो, लग्नाचे पोशाख, खाणींची माहिती, सगळं तिथे नीट मांडलं आहे. फांगन्गा रस्त्यावर दोन घरांच्या मधल्या बोळातून आत गेलं की सेंग थाम नावाचं छोटं चिनी देऊळ लागतं. बोळ सहज नजरेतून सुटतो, म्हणून दुकानदाराला विचारा.

खाणं

2015 मध्ये युनेस्कोने फुकेतला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान्यता दिली. तरीही आमचे काही पाहुणे रोज बटर चिकन आणि जिरा राईस खाऊन परत येतात, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. निदान एक नाश्ता शहरात करा. फुकेतची माणसं सकाळी खनोम चीन खातात, म्हणजे तांदळाच्या शेवयांवर माशाची किंवा खेकड्याची आमटी आणि सोबत ताटभर कच्च्या भाज्या व पाला. मुसलमान कुटुंबांच्या दुकानांत तव्यावरची पदरांची रोटी आणि रस्सा मिळतो. रश्श्यात कोणतं मांस आहे हे आधी विचारा. 'नुआ' म्हणजे गोमांस, 'मू' म्हणजे डुकराचं मांस. होक्किएन पद्धतीच्या जाड पिवळ्या नूडल्स दुपारी खा. उन्हात फिरून आल्यावर ओ-एव घ्या. हा जेलीसारखा पारदर्शक, थंडगार पदार्थ वर बर्फ आणि सरबत घालून देतात. रस्त्याच्या कडेला छोट्या कढयांमध्ये आपोंग भाजणाऱ्या बायका दिसतील. तांदळाचं पीठ आणि नारळाच्या दुधाचं ते गोडसर, कडेला कुरकुरीत, आपल्या घावनाच्या जवळचं खाणं आहे. मुलांना हमखास आवडतं.

शाकाहारी पाहुण्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस, कोळंबीची पेस्ट आणि कालवांचा सॉस सर्रास वापरतात. "मांस नको" म्हटलं तरी भाजीत ते पडतंच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत เจ असं लिहिलेलं दिसलं, की त्या दुकानात बिनधास्त बसा. उच्चार 'जे'. चिनी व्रताच्या नियमांप्रमाणे शिजवलेल्या या जेवणात मांस, मासे, अंडं, दूध यांच्यासोबत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. जैन पाहुण्यांनी मात्र कंदमुळांबद्दल वेगळं विचारावं, बटाटा आणि मुळा त्यात चालतो. ताटात बदकाचे किंवा माशाचे तुकडे दिसले तर दचकू नका. ते सोयाबीनचे आणि गव्हाच्या सत्त्वाचे असतात. रानोंग रस्त्यावर जुई तुई देवळाच्या आसपास अशी दुकानं वर्षभर चालू असतात. भात आणि त्यावर दोन-तीन भाज्या घेऊन किनाऱ्यावरच्या भारतीय हॉटेलपेक्षा पुष्कळ कमी पैशांत पोटभर जेवण होतं.

या व्रताचा मोठा उत्सव चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस चालतो. 1825 मध्ये खाणकामगारांच्या कथू गावात आलेली नाटक मंडळी आजारी पडली, त्यांनी शाकाहाराचं व्रत धरलं आणि ती बरी झाली, अशी त्याची कथा सांगतात. पुष्कळ वर्षी हा उत्सव नेमका आपल्या नवरात्रात येतो. 2023 आणि 2024 मध्ये तसंच झालं. 2025 मध्ये मात्र तो महिनाभर पुढे गेला. त्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि पिवळे झेंडे शहरभर दिसतात आणि शाकाहारी माणसाची खाण्याची चंगळ असते. मिरवणुकीत अंगात आलेले भक्त गालांतून सळया आरपार घालून चालतात, फटाक्यांचा मारा सुरू असतो. लहान मुलं सोबत असतील तर मिरवणूक टाळा आणि संध्याकाळी फक्त खाण्याच्या रस्त्यावर जा.

रावाई आणि समुद्राची माणसं

बेटाच्या दक्षिण टोकाला रावाई आहे. इथे पोहायला जाऊ नका, पाणी उथळ आणि होड्यांची गर्दी. इथे मासळी घ्यायला यायचं. विक्री करणारी बरीचशी कुटुंबं उराक लावोय समाजातली आहेत. अंदमान समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आलेले हे लोक. वजनावर मासळी घ्यायची आणि समोरच्या खानावळीत नेऊन द्यायची, ते किलोमागे शिजवण्याचे पैसे घेतात. मासळीचा आणि शिजवण्याचा, दोन्ही भाव आधी ठरवा. बाजारात आता पर्यटकही खूप येतात, त्यामुळे पहिला भाव चढाच सांगतात. शांतपणे घासाघीस करा.

बाजाराच्या मागे त्यांची वस्ती आहे. या जमिनीवरून त्यांचे अनेक वर्षं कोर्टकज्जे चालू आहेत. घरांत डोकावून फोटो काढणं, मुलांना पैसे किंवा चॉकलेट वाटणं कृपया करू नका. आमच्या गाड्या वस्तीत जात नाहीत आणि जाणारही नाहीत.

थोडा वेळ असेल तर

शहराच्या दक्षिणेला सपान हिनला संध्याकाळी जा. समुद्राला लागून मोकळी बाग आहे. दिवसभर काम करून आलेले लोक इथे धावतात, मासे गळाला लावतात, गाड्यांवर खातात. 1907 मध्ये कथील उपसणारं तरंगतं यंत्र इथल्या समुद्रात आणणाऱ्या कॅप्टन एडवर्ड माइल्स यांचं स्मारकही इथेच आहे.

विमान दुपारचं असेल तर शेवटचे दोन तास विमानतळाजवळच्या नाय यांग किनाऱ्यावर काढा. रविवारी सुरूच्या झाडांखाली चटया टाकून थाई कुटुंबं जेवायला बसलेली असतात. मुलांना पाण्यात खेळवायचं असेल तर पूर्वेकडचा आओ योन बरा. पावसाळ्यातही तो बहुधा शांत असतो. मे ते ऑक्टोबर पश्चिमेचा समुद्र खवळलेला असतो. लाल झेंडा लावलेला असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका. वरून शांत दिसणारा प्रवाह माणसाला ओढून नेतो आणि दरवर्षी त्यात पर्यटक दगावतात.

ज्यांना एक रात्र जास्त काढता येईल, त्यांनी बांग रोंगच्या धक्क्यावरून बोटीने को याव नोईला जावं. खारफुटी, रबराच्या बागा, भातखाचरं असं हे बेट आहे आणि वस्ती बहुतांश मुसलमान कोळी व शेतकऱ्यांची. गावात पोहण्याच्या कपड्यांत फिरू नका. आमच्या मते संपूर्ण सहलीत सर्वांत समाधान देणारा भाग हाच.

जाणं-येणं आणि पैसे

किनाऱ्यांवरून शहरात येणाऱ्या निळ्या, बाकांच्या सार्वजनिक गाड्या (सोंगथेव) रानोंग रस्त्यावर थांबतात. भाडं अगदी कमी असतं, पण संध्याकाळी त्या लवकर बंद होतात. परतताना टुकटुक महाग पडते, त्यापेक्षा गाडी बोलावण्याचं ग्रॅब किंवा बोल्ट अॅप वापरा. मंडईत आणि गाड्यांवर रोख लागते, वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. एक बाथ साधारण अडीच ते तीन रुपये धरा.

स्कूटर आम्ही ठरवून देत नाही. दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसताना अपघात झाला तर प्रवास विमा सहसा हात वर करतो आणि पाटोंगच्या घाटात अपघात नवे नाहीत. हत्तीवरची सवारी आणि वाघासोबतचा फोटो आमच्या कुठल्याही सहलीत नाही. काजू, रत्नं, चामडं यांच्या दुकानांत गाडी थांबवून कमिशन घेण्याची पद्धत आहे, तीही आम्ही ठेवलेली नाही. ड्रायव्हरने तसा थांबा सुचवला तर सरळ नकार द्या आणि आम्हाला फोन करा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे.

मोकळ्या दिवशी शहर हवं, रावाई हवं की को याव नोई, हे निघण्याच्या आठवडाभर आधी ऑफिसात कळवा. शाकाहारी असाल किंवा जैन जेवण लागत असेल, तर तेही त्याच वेळी सांगा. ड्रायव्हरला दाखवायला ठिकाणांची नावं आणि जेवणाचं पथ्य थाई लिपीत लिहिलेलं कार्ड आम्ही तयार करून देतो.