चोर्ल्याच्या चढावरची टिणटिण

गोव्यातलं केरी सोडून बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट लागला की गाडीचा कस लागतो. मे महिन्यात आम्ही बेळगावला निघालो होतो. गाडीत चौघं, मागे सामान. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात वाळक्या काजूबिया घालून कोणी हलवाव्यात, अगदी तसा. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. तिसरा गिअर टाकला आणि तो गायब झाला.

परतल्यावर एका गॅरेजात सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. साखळी गावातल्या दुसऱ्या मेकॅनिकने आधी विचारलं, आवाज नेमका कधी येतो? माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘पयलीं प्लग काडून पळोवया.’’ म्हणजे आधी प्लग काढून पाहू.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पिस्टनने दाबलं जातं आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. आत स्फोट होतो असं आपण सहज म्हणतो, पण इंजिन ठीक असेल तर स्फोट होत नाही. ज्वाला प्लगपाशी सुरू होते आणि वाळक्या गवतातून आग सरकावी तशी सिलिंडरच्या भिंतीकडे जाते. इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे असतील तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात, आणि हे जळणं त्यातल्या जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदांत उरकतं. मात्र पुढे येणारी ज्वाला कडेला उरलेल्या मिश्रणाला आणखी दाबते, तापवते. ते फारच तापलं तर ज्वाला पोचायच्या आधी सगळं एकदम, आपणहून पेटतं. त्यातून उठलेल्या दाबाच्या लाटा भिंतींवर आपटत राहतात. सुमारे ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ही कंपनं सेकंदाला ७००० च्या आसपास भरतात, म्हणून आवाज असा चिरका, धातूचा. यालाच नॉकिंग म्हणतात. ते फार दिवस चालू दिलं तर पिस्टन खरोखर फुटतो.

ॲक्सिलरेटर दाबला की हवा जास्त शिरते, दाब आणि तापमान चढतं. शिवाय गिअर वरचा आणि फेरे कमी असले की उरलेल्या मिश्रणाला आपणहून पेटायला वेळही मिळतो. तिसऱ्या गिअरने माझा आवाज थांबवला तो यामुळे.

प्लग बाहेर आले तेव्हा त्यांचं चिनी मातीचं टोक पांढरंफटक होतं. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी चुकीच्या नंबरचे, ‘गरम’ जातीचे प्लग बसवले होते. त्यांचं टोक उष्णता लवकर सोडत नाही. इंजिन थंड ठेवणारं कूलंटही कमी होतं. योग्य प्लग बसवले, कूलंट भरलं, साचलेला कार्बन काढला. पुढच्या खेपेला त्याच चढावर मुद्दाम चौथ्यात गाडी दाबून पाहिली. इंजिन गप्प होतं.

इंधनाचाही यात वाटा असतो. नॉकिंगला न जुमानणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि लगेच बळी पडणाऱ्या हेप्टेनला ० धरून पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ठरतो. आपलं साधं पेट्रोल पूर्वी ९१ चं होतं, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ९५ चं असतं. १९२१ मध्ये अमेरिकेत अभियंते थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून नॉकिंग थांबवलं. ते शिसं धुरातून जगभरच्या मुलांच्या रक्तात उतरलं. भारतात असं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. एका आवाजासाठी एवढी किंमत दिली गेली, हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

आता इंजिनावर नॉक सेन्सर असतो. कंपनं जाणवताच तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी किंचित उशिरा पडू लागते. त्याचा बोल्ट बहुतेक गाड्यांत साधारण २० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) एवढाच आवळायचा असतो. अंदाजाने आवळला तर सेन्सरला नीट ऐकू येत नाही. मेकॅनिकला हे जरूर विचारा.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा प्रत्येक आवाज नॉकिंगचा नसतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टक-टक आली तर ॲक्सलचा जॉइंट बघा. पावसाळ्यात जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून आत तांबडी माती गेलेली असते. क्लच सोडताना एकच धक्का बसला तर इंजिन धरून ठेवणारं माउंटिंग गेलेलं असू शकतं. किनाऱ्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेने सायलेन्सरवरच्या पत्र्याचे बोल्ट गंजतात आणि ठरावीक फेऱ्यांवर पत्रा थरथरतो. ते काम तासाभराचं.

खालून येणारा जड, घणासारखा ठोका मात्र वेगळा. इंजिनाचे फेरे वाढले की तोही वाढतो, सोबत ऑइलचा लाल दिवा लागतो. तेव्हा पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असण्याची शक्यता दाट असते. घर दोन किलोमीटरवर असलं तरी इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टोचन करून न्या.