मसल कारच्या इंजिनाचे टायमिंग आणि कार्बुरेटर जुळवणी

अमेरिकेत साधारण १९६४ ते १९७२ या काळात मध्यम आकाराच्या दोनदारी गाड्यांत मोठी व्ही-८ इंजिने बसवून विकली गेली. त्या गाड्यांना मसल कार म्हणतात. ठिणगी कधी पडावी हे त्यांत डिस्ट्रिब्युटर ठरवतो, हवेत पेट्रोल किती मिसळावे हे कार्बुरेटर, आणि दोन्ही हातानेच जुळवावी लागतात. पुढील मापे शेवरोलेच्या ३५० घनइंची स्मॉल-ब्लॉक इंजिनाची आणि त्यावरच्या चार बॅरलच्या होली कार्बुरेटरची आहेत.

आधी टायमिंग (पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते), मग कार्बुरेटर. हा क्रम मोडू नये. ठिणगी उशिरा पडत असेल तर आयडलिंगला (रेस न देता नुसते चालू असताना) इंजिन दम धरत नाही. मग थ्रॉटलचा स्क्रू आवळून रेस वाढवली जाते आणि बटरफ्लायखालची (हवेच्या झडपेखालची) ट्रान्स्फर स्लॉट, म्हणजे पेट्रोलची फट, उघडी पडते. तिथून जादा पेट्रोल ओढले जाते, मिक्स्चर स्क्रू फिरवूनही फरक पडत नाही आणि दोष निष्कारण कार्बुरेटरच्या माथी येतो.

आपल्याकडचे जुने मेस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. या इंजिनावर तो खरोखरच डेल्को-रेमीचा असतो. ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे पॉइंट घासले की टायमिंगही सरकते, म्हणून पॉइंट आधी पाहावेत. कॅपला छोटी सरकती खिडकी असते. इंजिन चालू ठेवून तिथून १/८ इंची ॲलन की उजवीकडे फिरवावी. मिसफायर सुरू झाला की अर्धा फेरा मागे घ्यावी. ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, ३० अंशांच्या आसपास येतो. प्लगचा गॅप ०.०३५ इंच (०.९ मिमी) ठेवावा.

पुलीमागच्या बॅलन्सरवरची शून्याची खूण डोळे झाकून खरी मानू नये. त्याची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. रबर जुने झाले की ती सरकते आणि सगळे मोजमाप चुकते. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) लावून इंजिन हाताने दोन्ही बाजूंनी फिरवावे. थांबण्याच्या दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे शून्य, पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा. साध्या टायमिंग लाइटसाठी (ठिणगीबरोबर चमकून खूण दाखवणाऱ्या दिव्यासाठी) ३६ अंशांची खूणही करून घ्यावी. समोरून पाहताना शून्यापासून घड्याळाच्या दिशेने, ८ इंची बॅलन्सरच्या कडेवर ६४ मिमी आणि पावणेसात इंचीवर ५४ मिमी.

आता डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांपर्यंत न्यावे आणि टायमिंग आणखी पुढे जायचे थांबले की ३४ ते ३६ अंशांवर डिस्ट्रिब्युटर आवळावा. रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून टायमिंग वाढवायला बॉडी उलट फिरवायची. आयडलिंगला १० ते १४ अंश उरले तर डिस्ट्रिब्युटरमधल्या, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांची आणि स्प्रिंगांची चाल ठीक आहे. आयडलिंगचा आकडा गाठण्याच्या नादात एकूण आकडा ४० वर गेला तर चढावर टकटक ऐकू येते. तसेच दामटले तर पिस्टन फुटतो. गरम इंजिनाला स्टार्टर अडखळत फिरवत असेल तर सुरुवातीचे टायमिंग जास्त आहे. उशिराच्या टायमिंगने मॅनिफोल्ड तापतो आणि गाडी सुस्त होते. शेवटी नळी परत जोडावी. हलक्या रेसवर मिश्रण विरळ असते आणि सावकाश जळते, म्हणून व्हॅक्यूमचे वरचे १० ते १५ अंश तिथे लागतात.

कार्बुरेटरमध्ये पहिल्यांदा बाउलमधली पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट. गाडी सपाटीवर आणि इंजिन चालू असताना बाउलचा बाजूचा स्क्रू काढावा. पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकलेले दिसावे. खाली फडके धरावे, तापलेल्या मॅनिफोल्डवर थेंबही पडता कामा नये. मिक्स्चर स्क्रू दीड फेरा उघडून, व्हॅक्यूम गेज लावून, दोन्ही सारखे फिरवत सर्वांत जास्त व्हॅक्यूम मिळवावा. स्क्रू पूर्ण आवळूनही इंजिन बंद पडत नसेल तर स्लॉट उघडी आहे, फ्लोट वर आहे किंवा पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागताना जादा पेट्रोल सोडणारी झडप) गळतो आहे. जुन्या होलीत एका बॅकफायरनेही त्याचा पडदा फाटतो. नवा व्हॉल्व्ह आयडलिंगच्या व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्या आकड्याचा घ्यावा: पाऱ्याच्या १३ इंचांना ६.५.

रेस देताच इंजिन अडखळत असेल तर रेस देताना जादा पेट्रोल फवारणारा पंप पाहावा. लिव्हर हलताक्षणी दोन्ही नोझलांतून धार यायला हवी आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर पंपाच्या दांडीला ०.०१५ इंचाची मोकळीक राहायला हवी. अडखळताना काळा धूर आला तर नोझल एक आकडा लहान, धूर नसेल तर मोठा. मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोके) दोन-दोन आकड्यांनी बदलावेत. शिशाविरहित पेट्रोलवर प्लगचा रंग फारसे सांगत नाही. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून पूर्ण रेसवर हवा-पेट्रोल प्रमाण १२.५ ते १३ ठेवावे.

आयडलिंग बदलले की टायमिंग पुन्हा तपासावे, कारण रेस जास्त असेल तर वजने तिथेच उघडू लागतात. भारतातल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर हेच इंजिन विरळ चालते. तिथे जेट सहसा दोन-तीन आकड्यांनी वाढवावे लागतात आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घ्यावा लागतो.