पहिल्या बैठकीआधीचे आठ दिवस : कल्पना कुठे बघायच्या

नमस्कार,

बोधचिन्ह, दुकानाची पाटी, मिठाईचा डबा, कापडी पिशवी, वर्तमानपत्रातली जाहिरात, असं कुठलंही काम घेऊन तुम्ही आमच्याकडे येणार असाल, तर हे पत्रक आधी सवडीने वाचा. दर आणि मुदतीचं कोष्टक वेगळं आहे, ते दुकानात मिळेल. इथे आम्ही फक्त कल्पनेबद्दल बोलणार आहोत. ती कुठे सापडते, आणि ती शोधण्यात तुमचा वाटा आमच्याइतकाच का असतो, हे तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं बरं.

पुष्कळ मंडळी मोबाइल पुढे करतच आत येतात. त्यात जमवलेली चित्रं असतात आणि मागणी असते, "भाऊ, असंच काहीतरी करून द्या." तुम्हाला काय आवडतं हे त्यातून आम्हाला कळतं, म्हणून ती चित्रं जरूर आणा. पण 'मिठाई दुकान लोगो' असं शोधल्यावर तुम्हाला जे नमुने दिसतात, तेच रायपूरच्या आणि इंदूरच्या मिठाईवाल्यालाही दिसतात. सगळे त्यातूनच निवडतात. मग तीच कढई, तीच वाफ, तीच वळणदार अक्षरं गावोगावच्या पाट्यांवर चढतात. तुमचं दुकान दुसऱ्या कोणाचं नाही, तुमचंच आहे, हे सांगणारी गोष्ट त्या नमुन्यांत नसते. ती तुमच्या गल्ल्याजवळ, गोदामात, घरातल्या फडताळात, रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर असते. म्हणून आमची विनंती आहे की बैठकीला येण्याआधी आठवडाभर नुसतं बघत राहा. काय आणि कसं बघायचं, ते पुढे सांगतो.

संत्रं

नागपूर म्हटलं की संत्रं, आणि बोधचिन्हात संत्रं हवंच असं सांगणारेही पुष्कळ. डोळ्यांसमोर येतं ते अगदी गोल, एकाच केशरी रंगाचं, वर दोन हिरवी पानं असलेलं फळ. एकदा हंगामात कळमन्याच्या बाजारात जाऊन संत्र्यांच्या ढिगासमोर उभे राहा. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृगाची फेब्रुवारीनंतर. त्या ढिगात केशरी रंगाच्या किती छटा आहेत ते बघा. कितीतरी फळं पिवळट हिरवी असतात आणि तरी आतून गोड निघतात. आपलं संत्रं देठाकडे जरा उचललेलं असतं, खालून चपटं असतं. साल सैल असते, बोटाने सहज सुटते. सालीवर तेलाचे बारीक ठिपके असतात. फोडींवर पांढऱ्या शिरांची जाळी असते.

यातली एकेक गोष्ट म्हणजे एकेक कल्पना आहे. ठिपक्यांपासून पिशवीची नक्षी होते. सैल सालीवरून संत्रा बर्फीचा असा डबा सुचतो, ज्याच्या चार पाकळ्या वरून खाली उलगडतात. हिरवट फळाचा रंग घेतला, तर शेजारच्या दहा केशरी पाट्यांत तुमची पाटी वेगळी उठून दिसते. गोल फळ आणि दोन पानं एवढ्यावरच थांबलात, तर हे काहीच हाती लागत नाही.

रंगाची एक व्यावहारिक गोष्टही इथेच सांगून टाकतो. मोबाइलच्या पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचा बनतो. छपाईतला रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचा बनतो. पडद्यावरचा झळझळीत केशरी या चार शायांतून निघतच नाही, कागदावर तो मंद उतरतो. यात छापणाऱ्याचा दोष नसतो. म्हणून रंग पडद्यावरून ठरवू नका. संत्र्याची साल आणा, लुगड्याचा तुकडा आणा, हळदीची पूड आणा. त्याच्याशी ताडून आम्ही छापील प्रूफ, म्हणजे तपासायचा नमुना, दाखवू. चार शायांत तो रंग बसतच नसेल, तर खास मिसळलेली वेगळी शाई वापरता येते. तिचा खर्च जास्त येतो, पण कधी कधी तो करण्यासारखा असतो.

मारबत आणि चौकातला फ्लेक्स

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक आपण लहानपणापासून बघतो, म्हणूनच तिच्याकडे जाहिरातीच्या नजरेने कोणी बघत नाही. आम्हाला विचाराल, तर रस्त्यावरची जाहिरात शिकायला याहून चांगली जागा नाही.

बडगे, म्हणजे याच मिरवणुकीतले टीकेचे पुतळे, बनवणाऱ्यांपुढे काय अडचण असते ते बघा. पुतळा चालत्या मिरवणुकीत, गर्दीच्या डोक्यांवरून दिसला पाहिजे. बघणाऱ्याच्या हाती जेमतेम काही क्षण असतात. विषय त्या वर्षीचा असतो. महागाई असेल, भ्रष्टाचार असेल, एखादी गाजलेली घटना असेल. आणि हा बडगा कोणावर आहे हे पाहताक्षणी कळलं पाहिजे. म्हणून चेहऱ्याचं एखादंच वैशिष्ट्य मोठं केलेलं असतं, फलकावर मोजके शब्द असतात, रंग थोडे आणि भडक असतात. बाकीचं सगळं करणाऱ्याने गाळलेलं असतं. हे गाळणं हीच खरी कारागिरी, आणि ती कुठल्याही महागड्या संगणकातून येत नाही.

आता तुमच्या चौकातले फ्लेक्स बघा. मालकाचा फोटो, देवाचा फोटो, तीन मोबाइल नंबर, मालाची लांबलचक यादी, उद्घाटकांची नावं, चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी. स्कूटरवरून जाणाऱ्याला तुमचा फ्लेक्स वाचायला तेवढाच वेळ मिळतो, जेवढा बडगा बघणाऱ्याला. पुढच्या वेळी मारबत बघून घरी आलात की संध्याकाळी आठवून बघा, कोणता बडगा डोक्यात राहिला. तो का राहिला, हे एका ओळीत लिहून ठेवा. ती ओळ आमच्या कामाची आहे.

त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. त्या बैलांतला अगदी लहान, तळहातावर मावणारा एखादा बैल हातात घेऊन बघा. सुताराने खूर, शेपटीचा गोंडा, पोटाची घडी, सगळं सोडून दिलेलं असतं. वशिंड, शिंगं आणि मानेचा बाक तेवढा ठेवलेला असतो, आणि तरी तो बैलच दिसतो. बोधचिन्ह याच रीतीने करायचं असतं, कारण तेच चिन्ह पाटीवर चार फुटांचं होतं आणि बिलाच्या कोपऱ्यात नखाएवढं. तुमच्या धंद्याच्या वस्तूतलं काय काय काढलं तरी ती ओळखू येईल, हा खेळ घरी मुलांना घेऊन खेळा. मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात.

अक्षरं

इतवारी, महाल, सीताबर्डीच्या जुन्या गल्ल्यांत अजून पेंटरच्या हातच्या पाट्या शिल्लक आहेत. जाता-येता त्यांच्यासमोर थांबा. देवनागरी अक्षर शिरोरेघेला लटकलेलं असतं. वेलांटी, मात्रा, रफार वर जातात, उकार आणि ऋकार खाली उतरतात. 'गुरुकृपा किराणा' एवढंच नाव घ्या. वर वेलांटीला आणि खाली 'कृ'ला जागा सोडली नाही, तर नाव कोंबल्यासारखं दिसतं. चांगला पेंटर ही जागा आधी आखून घेतो. इंग्रजी पाटीसाठी आखलेल्या अरुंद पट्टीत मराठी नाव बसवा असं आम्हाला सांगितलं जातं, तेव्हा आम्ही पट्टीच बदलायला सांगतो, ते याचमुळे. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी पसरवता येतात. मराठीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो.

मराठी अक्षराला चेहरा देणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी हाताने नावं रेखाटली. नाटक गंभीर आहे की विनोदी, हे नुसत्या अक्षरावरून कळायचं. र. कृ. जोशी जाहिरातसंस्थेत काम केलेले. संगणकावर वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' टंकात आपण मराठी वाचत आलो, तो त्यांनी घडवला. जुन्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कुठे मिळाल्या तर बघा. तुमच्या दुकानाचं नाव मोठ्याने म्हटलं तर त्याचा आवाज कसा आहे, जाड की नाजूक, घाईचा की निवांत, याचा विचार आपोआप सुरू होईल.

जाहिराती, थोडक्यात

आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "एवढी जागा काऊन रिकामी सोडली? पैसे तर पूर्ण जागेचे दिले ना?" याचं उत्तर १९५९ मधल्या एका जाहिरातीत आहे. अमेरिकेत तेव्हा गाड्यांच्या जाहिराती मोठाल्या, रंगीत, पानभर असत. डॉइल डेन बर्नबाख या संस्थेने फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीचं चित्र जवळजवळ कोऱ्या पानावर एका कोपऱ्यात अगदी लहान छापलं, आणि खाली लहान विचार करा अशा अर्थाचे दोनच शब्द घातले. कलादिग्दर्शक हेल्मुट क्रोन, मजकूर ज्युलियन कोनिग यांचा. पानावर दुसरं काही नसल्यामुळे नजर थेट गाडीवरच जाते. त्या कोऱ्या जागेचे पैसेही मोजलेलेच होते, आणि ते तिनेच वसूल केले.

आपल्याकडे १९६६ पासून अमूलच्या फलकांवर ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी ताज्या घडामोडींवर बोलते आहे. मुलगी तीच असते, बोलणं बदलतं. लहान दुकानालाही हे करता येतं. काय कायम ठेवायचं आणि दर आठवड्याला काय बदलायचं, एवढं आधी ठरवावं लागतं. भेटवस्तू वाटायची असेल, तर १९७३ मध्ये सुरू झालेल्या 'कालनिर्णय'कडे बघा. पुढे तिथी-सण, पानामागे वाचायला मजकूर, आणि चौकोनांत दुधाचा हिशोब लिहायला जागा. उपयोगी पडतं ते वर्षभर भिंतीवर राहतं, नुसतं छान दिसतं ते दोन दिवसांत रद्दीत जातं.

पुस्तकं, आणि त्यातले शब्द

१९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी घरात दरवर्षी चित्रांचा आणि जाहिरातींचा एक साठा येत राहिला. रद्दीच्या दुकानात जुना दिवाळी अंक दिसला तर उचला. दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असलेला मिळाला तर फारच चांगलं. त्यांचे रंग बघा. आतल्या साबणाच्या, तेलाच्या, दागिन्यांच्या जाहिरातींची भाषाही बघा.

वाचनाचा खरा उपयोग मात्र शब्दांसाठी होतो. चटणी-मसाल्याच्या पाकिटावर 'प्रीमियम क्वालिटी' लिहायला सांगणारे बरेच भेटतात. ते शब्द शाम्पूवरही असतात आणि बनियनच्या खोक्यावरही. त्याऐवजी घरातलं पाककृतींचं जुनं पुस्तक काढा, नाहीतर सरळ आईला, आजीला विचारा. 'मंद आचेवर भाजलेलं', 'पाट्यावर वाटलेलं', 'उन्हात कडक वाळवलेलं' असे शब्द निघतील. ते वाचतानाच वास येतो. फक्त ते खरे असले पाहिजेत. मसाला यंत्रावर दळत असाल, तर पाटा-वरवंट्याचं नाव आम्ही छापणार नाही.

एखादा रविवार मोकळा असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात जा. १८६३ पासूनचं आहे. किंवा गणपतीच्या आधी चितार ओळीत चक्कर मारा. डोळ्यांची आखणी करताना कारागीर किती वेळ हात उचलून नुसता बघत बसतो, तेवढं बघितलं तरी फेरी वसूल.

प्रेरणा घेणं आणि उचलणं

हा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण इथे आम्ही काही कामं नाकारतो.

दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या स्तूपावरून प्रेरणा घेऊन उभा राहिला, हे आपण सगळे जाणतो. पण सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालतात. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, घुमटाखाली माणसं एकत्र येऊन उभी राहू शकतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या जागेवर आजही माणसांचा सागर लोटतो. अशा जागी माणसांना आत घेणारी वास्तूच शोभते. जुन्या रूपाचा मान राखून आजच्या गरजेप्रमाणे आतून ते नव्याने घडवणं, याला आम्ही प्रेरणा म्हणतो.

दुसऱ्याच्या बोधचिन्हाचा रंग बदलून आपलं नाव घालणं हे त्यात बसत नाही. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, पण ती ज्या चित्रात, ज्या मजकुरात उतरली, त्यावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने करणाऱ्याचा हक्क असतो. नोंदवलेल्या चिन्हाशी गोंधळ होईल इतकं सारखं चिन्ह वापरलं, तर १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याखाली दावा होऊ शकतो, आणि तो तुमच्यावर होतो. इंटरनेटवरून उतरवलेले फोटोही परवानगीशिवाय छापता येत नाहीत. शिवाय ते बहुतेक वेळा लहान असतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, तेवढे त्यांत नसतात, आणि मोठे केले की फाटतात.

बैठकीला काय आणायचं

एक साधी वही करा आणि एक मोठा लखोटा घ्या. वहीत रोज बघितलेली एखादी गोष्ट, आणि ती बघून तुम्ही का थांबलात, एवढंच लिहा. 'छान होतं' लिहू नका, त्यातून आम्हाला काही कळत नाही. 'निळ्या दारावर पिवळी कडी, लांबून आधी कडीच दिसली' असं लिहा. लखोट्यात खरं सामान टाका. जुनी बिलं, वडिलांच्या काळातलं पत्रक, काडेपेटी, लग्नपत्रिका, करवती काठाच्या लुगड्याचा तुकडा, दुकानात रोज वापरातली एखादी लहान वस्तू. जुनी पाटी असेल तर तिचा समोरून काढलेला फोटो. न आवडलेल्याही दोन-तीन गोष्टी आणा, त्यांनी काम लवकर होतं.

दुकानात रोज बसणारं माणूस बैठकीला असावं. पैसे देणारे वेगळे असतील तर दोघांनी यावं. घरच्या काकू किंवा ताई हिशोब बघत असतील तर त्याही याव्यात, गिऱ्हाईक काय बोलतं हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. पहिल्या बैठकीत आम्ही संगणक उघडत नाही. तुमचं सामान टेबलावर मांडून बोलतो, आणि त्यानंतर पेन्सिलीची कच्ची चित्रं करतो. आणलेल्या वस्तू शेवटचं प्रूफ मंजूर होईपर्यंत आमच्याकडे राहतात. परत हव्या असतील त्यांच्यावर चिठ्ठी लावून नाव लिहून ठेवा.